वाचकांचे प्रश्न : डोमेनच्या नोंदी कोणाच्या ताब्यात आहेत?

डीएनएस म्हणजे इंटरनेटवरील नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी व्यवस्था. डोमेनच्या, म्हणजे ‘आमचेडोमेन.इन’सारख्या नावाच्या, डीएनएस नोंदींविषयी, म्हणजे कंट्रोल पॅनेलवर ज्यांना रेकॉर्ड म्हटलेले असते त्यांविषयी, आलेल्या पत्रांपैकी काही पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत. येथे नोंदींची नावे देवनागरीत छापली असली तरी पॅनेलवर ती रोमन अक्षरांतच भरावयाची असतात.

प्रश्न : आमच्या आंबा विक्रीच्या व्यवसायासाठी नवे संकेतस्थळ करून घेतले. ते करणाऱ्या कंपनीने सांगितल्याप्रमाणे डोमेनचे नेमसर्व्हर बदलले आणि संकेतस्थळ व्यवस्थित सुरू झाले. परंतु दुसऱ्या दिवसापासून ग्राहकांच्या ऑर्डरचे ईमेल येईनासे झाले. काहींचे ईमेल त्यांच्याकडे परत गेले. ईमेल सेवा वेगळ्या कंपनीची असून तिचे पैसे वेळेवर भरलेले आहेत. दोष कोणाचा?
— एक बागायतदार, रत्नागिरी

उत्तर : ईमेल सेवेचा येथे काही दोष दिसत नाही आणि तुमच्या खात्यालाही काही झालेले नाही. बिघाड झाला तो नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनच्या नोंदींची वही सांभाळणारा सर्व्हर, बदलण्याच्या सूचनेमुळे. एका डोमेनमागे चार वेगवेगळी कामे चालू असतात: नावाची नोंदणी, त्या नावाच्या डीएनएस नोंदी सांभाळणे, संकेतस्थळाची पाने ठेवणे आणि टपाल स्वीकारणे. ही कामे एकाच कंपनीकडे असू शकतात, तशीच चार निरनिराळ्या कंपन्यांकडेही असू शकतात. तुम्हाला यांपैकी फक्त तिसरे काम नव्या कंपनीकडे सोपवायचे होते. नेमसर्व्हर बदलल्यामुळे दुसरेही तिच्याकडे गेले.

नेमसर्व्हर बदलणे म्हणजे वहीतील एक ओळ खोडून दुसरी लिहिणे नव्हे, तर अख्खी वहीच बदलणे होय. जुन्या वहीत संकेतस्थळाच्या पत्त्याबरोबर टपाल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचे हे सांगणारी एमएक्स नोंद आणि टपालाची शहानिशा करणाऱ्या टीएक्सटी नोंदीही होत्या. नव्या कंपनीने नवी वही उघडताना स्वतःच्या सर्व्हरचा पत्ता सांगणारी ए नोंद आणि तिच्या जोडीला ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ची नोंद एवढेच लिहिले. बाकीच्या नोंदी तिला ठाऊक नव्हत्या, आणि तिने त्या विचारल्याही नाहीत.

एमएक्स नोंद नसली की टपाल लगेच नाहीसे होते असे नाही. पाठवणाऱ्याचा सर्व्हर आधी एमएक्स नोंद शोधतो आणि ती मुळीच सापडली नाही, तर ईमेलच्या मानकानुसार डोमेनच्या ए नोंदीत जो पत्ता असेल तेथेच पत्र पोहोचवण्याचा प्रयत्न करतो. तो पत्ता आता तुमच्या नव्या संकेतस्थळाचा आहे आणि तेथे तुमचे टपाल घेणारे कोणी नाही. असा सर्व्हर पत्र साफ नाकारत असेल तर ते तत्काळ परत जाते. जोडणीच होत नसेल तर पाठवणारा सर्व्हर पत्र रांगेत ठेवून सर्वसाधारणपणे चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करीत राहतो. म्हणून आज दुरुस्ती केलीत तर रांगेतील पत्रे आपोआप येतील, परत गेलेली मात्र येणार नाहीत. आंब्याचा हंगाम कोणासाठी थांबत नाही, तेव्हा नेहमीच्या ग्राहकांना फोन करून ऑर्डर पुन्हा पाठवण्याची विनंती आजच करावी.

दुरुस्तीचे दोन मार्ग आहेत. जुन्या नेमसर्व्हरवरील नोंदी शाबूत असतील तर नेमसर्व्हर पूर्ववत करून तेथे केवळ मूळ नावाची आणि ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ची नोंद नव्या संकेतस्थळाकडे वळवावी. माझी शिफारस याच मार्गाची आहे, कारण त्यात टपालाला हात लागत नाही. ते शक्य नसेल तर ईमेल सेवेच्या पॅनेलवर दिलेली एमएक्स मूल्ये जशीच्या तशी उचलून नव्या नेमसर्व्हरवर भरावीत. जुन्या नोंदी पाहण्यासाठी विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधील ‘एनएसलुकअप’ किंवा लिनक्स व मॅकवरील ‘डिग’ ही आज्ञा उपयोगी पडते. नेमसर्व्हर बदललेला असला तरी जुन्या नेमसर्व्हरचे नाव आज्ञेत देऊन थेट त्यालाच विचारता येते आणि होस्टिंगचे जुने खाते बंद केलेले नसेल तर तो बहुधा जुनी उत्तरे देतो. जुने होस्टिंग रद्द करण्याची घाई करू नये, ती यासाठीच.

एमएक्स नोंद भरताना तीन गोष्टी पाहाव्यात. तिच्या उजवीकडे सर्व्हरचे नाव लागते, आयपी पत्ता (सर्व्हरचा आकडी पत्ता) चालत नाही. त्या नावावर सीनेम, म्हणजे दुसऱ्या नावाकडे वळवणारी नोंद, असता कामा नये. प्राधान्याचा आकडा जितका लहान तितका तो सर्व्हर आधी, म्हणजे २० च्या आधी १०. याशिवाय एका टिंबाची गोष्ट आहे. काही पॅनेलांवर नावाच्या शेवटी पूर्णविरामाचे टिंब दिले नाही, तर पॅनेल त्यापुढे तुमचे डोमेन आपणहून जोडते आणि ‘मेल.सेवा.कॉम’चे ‘मेल.सेवा.कॉम.आमचेडोमेन.इन’ होऊन बसते. असे नाव जगात कोठेच नसते. पॅनेलवर ओळ बरोबर दिसत असूनही टपाल येत नसेल तर नोंद जतन केल्यावर बाहेरून विचारून मिळणारे उत्तर अक्षरन् अक्षर तपासावे.

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयाचे संकेतस्थळ दुसऱ्या सर्व्हरवर नेऊन ए नोंद बदलली, त्याला चार दिवस झाले. कार्यालयातील संगणकावर नवे संकेतस्थळ दिसते, परंतु अनेक सभासदांना मोबाइलवर अजून जुनेच दिसते. ‘बदल जगभर पसरायला ४८ तास लागतात, थांबा’ असे सांगण्यात आले होते. आणखी किती थांबायचे?
— ग्रंथपाल, सातारा

उत्तर : आता थांबू नये, कारण हे थांबून सुटणारे नाही. डीएनएसमधील बदल कोणी जगभर पाठवीत नसतो. ज्याला नाव हवे असते तो विचारतो आणि मिळालेले उत्तर काही काळ स्वतःजवळ जपून ठेवतो. तो काळ किती, हे प्रत्येक नोंदीबरोबरच्या टीटीएल या आकड्यात सेकंदांत सांगितलेले असते. १४४०० म्हणजे चार तास, ८६४०० म्हणजे एक दिवस. तुमच्या ए नोंदीचा टीटीएल चार तासांचा असेल तर जुनी उत्तरे पहिल्याच दिवशी संपली असणार.

मग ४८ तास आले कोठून? ते नेमसर्व्हर बदलण्याशी निगडित आहेत. डॉट कॉमच्या वरच्या सर्व्हरांवर कोणत्याही डोमेनचे नेमसर्व्हर सांगणाऱ्या नोंदींचा टीटीएल १७२८०० सेकंद, म्हणजे नेमके दोन दिवस असतो. ए नोंदीच्या बदलाला तो लागू नाही. तरीही सर्व प्रकारच्या अडचणींवर हेच उत्तर सर्रास दिले जाते आणि त्यामुळे खरी चूक दिवसेंदिवस तशीच राहते, याचे मला वाईट वाटते.

तुमच्या पत्रातील ‘मोबाइलवर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ए नोंद आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचा पत्ता सांगते. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीचा पत्ता सांगणारी चार ‘ए’ची नोंद, म्हणजे एएएए, वेगळी असते. जिओसारख्या मोबाइल जाळ्यांवर आयपीव्ही६ सर्रास वापरात आहे आणि अशा जाळ्यावरील फोन एएएए नोंद मिळाली तर सहसा तिच्याच पत्त्यावर जातो. कार्यालयातील ब्रॉडबँड केवळ आयपीव्ही४चे असले तर तेथे ही नोंद कामी येत नाही. तुमची ए नोंद बदलली आणि एएएए जुन्या सर्व्हरकडेच राहिली असेल, तर तुम्ही लिहिले आहे तसेच घडते, आणि ते चार दिवसच नव्हे, वर्षभरही तसेच घडत राहील. नव्या सर्व्हरला आयपीव्ही६चा पत्ता असेल तर तो तेथे भरावा, नसेल तर ती नोंद काढून टाकावी. त्याच वेळी मूळ नावावर दोन ए नोंदी तर नाहीत ना, तेही पाहावे. जुनी न काढता नवी जोडली की दोन्ही पत्ते आलटून पालटून दिले जातात आणि निम्म्या लोकांना जुने पान दिसते.

उत्तरे जपून ठेवण्याची ही पद्धत कटकटीची वाटली तरी सगळी व्यवस्था तिच्यावरच उभी आहे. इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या जाळ्याच्या काळात यंत्रांची नावे आणि पत्ते स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवलेल्या एका फाइलमध्ये असत आणि प्रत्येक ठिकाणाहून ती फाइल उतरवून घ्यावी लागे. यंत्रे वाढली तशी ती पद्धत पुरी पडेना, म्हणून पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएसची रचना मांडली. १९८७ मध्ये सुधारून प्रसिद्ध झालेली तिची मानके आजही पायाभूत आहेत. नोंदी ज्याच्या त्याच्या ताब्यात आणि उत्तरे ठरावीक मुदतीपुरती सर्वांजवळ, अशी ती वाटणी आहे.

पुढच्या वेळी सर्व्हर बदलायचा असेल तर आदल्या दिवशीच टीटीएल ३०० सेकंदांवर आणावा, जुना टीटीएल उलटून गेल्यावर पत्ता बदलावा आणि सर्व सुरळीत झाल्यावर टीटीएल पुन्हा वाढवावा. पत्ता आणि टीटीएल एकाच वेळी बदलून उपयोग नाही. ज्यांच्याजवळ जुने उत्तर आहे ते जुन्याच मुदतीने चालतात. नवे उपडोमेन (मूळ डोमेनच्या आधी शब्द जोडून केलेले नाव) सुरू करताना आणखी एक काळजी घ्यावी. नोंद करण्याआधीच ते नाव ब्राउझरमध्ये उघडून पाहू नये, कारण ‘असे नाव नाही’ हे उत्तरही जपून ठेवले जाते आणि त्याची मुदत तुमच्या डोमेनच्या एसओए या मूलभूत माहितीच्या नोंदीवरून ठरते.

प्रश्न : आमच्या लेखापरीक्षण कार्यालयाचे ईमेल ग्राहकांच्या जीमेलवर स्पॅममध्ये जातात. ईमेल सेवेने सांगितलेली एसपीएफ नोंद आम्ही भरली आहे. शिवाय बिले पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कंपनीने सांगितलेली दुसरी एसपीएफ नोंदही भरली आहे. तरी फरक नाही.
— एक सनदी लेखापाल, नाशिक

उत्तर : दुसरी नोंद भरल्यामुळे पहिलीही निकामी झाली आहे. तुमच्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर टपाल पाठवू शकतात याची यादी म्हणजे एसपीएफ, आणि ती एका नावावर एकच असावी लागते. ‘व्ही=एसपीएफ१’ने सुरू होणाऱ्या दोन टीएक्सटी नोंदी आढळल्या की तपासणारा सर्व्हर दोन्ही बाजूला ठेवतो आणि कायमची त्रुटी नोंदवतो. दोन्ही कंपन्यांचे ‘इन्क्लूड’ भाग, म्हणजे त्यांच्या सर्व्हरांची यादी सामील करून घेणारे भाग, एकाच ओळीत आणावेत आणि दुसरी नोंद काढून टाकावी. या ओळीमुळे होणाऱ्या डीएनएस विचारणा दहापेक्षा जास्त होता कामा नयेत अशी मर्यादा आहे आणि एका ‘इन्क्लूड’च्या पोटात आणखी काही असू शकतात, म्हणून बंद केलेल्या सेवांची नावे त्यात ठेवू नयेत. शेवटी ‘+ऑल’ कधीही लिहू नये. त्याचा अर्थ जगातील कोणीही तुमच्या नावाने पत्र पाठवावे असा होतो.

केवळ एसपीएफवर मात्र विसंबू नका. डीकेआयएम ही पत्रावरील डिजिटल सही आहे. तिची सार्वजनिक किल्ली टीएक्सटी नोंदीत ठेवायची असते आणि ईमेल सेवा व बिलांचे सॉफ्टवेअर यांची प्रत्येकी स्वतंत्र किल्ली, स्वतंत्र नावाखाली, एकत्र नांदू शकते. टीएक्सटी नोंदीतील एका तुकड्यात २५५ पेक्षा अधिक अक्षरे मावत नाहीत आणि २०४८ बिटांची किल्ली त्याहून लांब असते. काही पॅनेल तिचे तुकडे आपोआप करतात, काही शेवटची अक्षरे गुपचूप कापतात. किल्ली भरल्यावर तिचा शेवट जुळतो का ते पाहावे.

या दोहोंवर डीमार्क ही तिसरी नोंद येते. ‘फ्रॉम’मध्ये दिसणारे डोमेन एसपीएफच्या किंवा डीकेआयएमच्या डोमेनशी जुळते का, आणि न जुळल्यास पत्राचे काय करावे, हे ती सांगते. सुरुवातीला तिचे धोरण ‘नन’ (काहीच कारवाई नको) ठेवून अहवालांसाठी ईमेल पत्ता द्यावा. तुमच्या नावाने कोण कोण टपाल पाठवते हे अहवालांतून कळले, की मगच ‘क्वारंटाइन’ (संशयित म्हणून बाजूला ठेवा) आणि त्यानंतर ‘रिजेक्ट’कडे (नाकारा) जावे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने जीमेल खात्यांना टपाल पाठवणाऱ्या सर्वांना एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी आवश्यक केले आहे, आणि दिवसाला ५००० किंवा अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना तिन्ही नोंदी आवश्यक केल्या आहेत. तुमची संख्या लहान असली तरी तिन्ही कराव्यात. ग्राहकाला तुमच्या नावाने खोटे बिल गेले तर त्याचा विश्वास तुमच्यावरून उडतो, आणि तुमच्या व्यवसायात तो परत मिळवणे फार कठीण असते.

प्रश्न : मूळ डोमेनवर सीनेम नोंद भरू पाहिली तर पॅनेल ती घेत नाही. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’वर मात्र घेते. का?
— एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : सीनेम नोंद ज्या नावावर असते त्या नावावर इतर माहितीच्या नोंदी असू शकत नाहीत, आणि मूळ नावावर एनएस (नेमसर्व्हर सांगणारी) व एसओए या नोंदी असाव्याच लागतात. पॅनेलने नकार दिला ते योग्यच झाले. मूळ नावासाठी ए नोंद वापरावी. तुमची डीएनएस सेवा ‘एलियास’ किंवा ‘सीनेम फ्लॅटनिंग’ची सोय देत असेल तर तीही चालेल, त्यात सेवा स्वतःच पत्ता शोधून ए नोंदीच्या रूपात उत्तर देते.

प्रश्न : संस्थेचे डोमेन संकेतस्थळ करणाऱ्या गृहस्थांनीच घेतले होते. आता ते फोन घेत नाहीत आणि मुदत दोन महिन्यांत संपते आहे. आम्ही काय करावे?
— एका शिक्षण संस्थेचे सचिव, कोल्हापूर

उत्तर : प्रथम हूइज या नोंदणीची माहिती दाखवणाऱ्या सेवेवर डोमेनचा रजिस्ट्रार, म्हणजे नावाची नोंदणी करणारी कंपनी, कोण, मुदतीची नेमकी तारीख कोणती आणि शक्य असल्यास नोंदणीधारक म्हणून कोणाचे नाव लागले आहे ते पाहावे. नाव संस्थेचे असेल तर संस्थेच्या लेटरहेडवर, नोंदणी प्रमाणपत्र जोडून, रजिस्ट्रारकडे खाते परत मिळवण्याचा अर्ज करावा. नाव त्या गृहस्थांचे असेल तर पैसे दिल्याच्या पावत्या आणि पत्रव्यवहार गोळा करून त्यांना लेखी नोटीस द्यावी. डॉट इन डोमेनांसाठी त्यांचे व्यवस्थापन पाहणाऱ्या निक्सी या संस्थेची लवादाची प्रक्रिया आहे, मात्र तेथे नावावरील हक्क आणि समोरच्याचा वाईट हेतू दाखवावा लागतो. दरम्यान खाते हाती नसतानाही मुदत वाढवण्याचे पैसे स्वीकारले जातात का, हे रजिस्ट्रारला अवश्य विचारावे. डॉट कॉमसारख्या डोमेनांना मुदत संपल्यानंतर काही काळ सवलत, मग ३० दिवस जादा शुल्क भरून सोडवण्याची मुभा आणि मग पाच दिवसांनी नाव सर्वांना खुले, असा क्रम असतो. त्या आशेवर राहू नये.

खाते हाती आले की पहिल्याच दिवशी एक काम करावे: रजिस्ट्रारच्या खात्याला जोडलेला ईमेल पत्ता त्याच डोमेनवरचा असेल तर तो बदलावा. नोंदी बिघडल्या की त्या डोमेनचे टपाल बंद पडते आणि पासवर्ड बदलण्याची चिठ्ठीही येत नाही. हा धोका मोठमोठ्यांनाही चुकलेला नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकचे नेमसर्व्हर इंटरनेटवरून दिसेनासे झाले, तेव्हा कंपनीच्या अभियंत्यांची अंतर्गत साधनेही डीएनएसअभावी बंद पडली आणि सेवा सुमारे सहा तास ठप्प राहिली. संस्थेने एक स्वतंत्र पत्ता ठेवावा, दुहेरी पडताळणी सुरू करावी आणि खात्याची माहिती निदान दोन पदाधिकाऱ्यांजवळ असावी.

प्रश्न : आम्हाला डॉट भारत या देवनागरी डोमेनवर संकेतस्थळ करायचे आहे. त्याच्या नोंदी वेगळ्या असतात का?
— एका साहित्य मंडळाचे कार्यवाह, पणजी

उत्तर : नोंदी त्याच असतात. डॉट भारत २०१४ मध्ये खुले झाले आणि त्याच्या देवनागरी रूपात हिंदी, मराठी, कोकणी आदी भाषांतील नावे घेता येतात. डीएनएसमध्ये ते नाव ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या रोमन रूपात साठवले जाते. काही पॅनेलांवर तेच रूप भरावे लागते, म्हणून ते एकदा काढून लिहून ठेवावे.

डोमेन अवश्य घ्यावे. आपल्या भाषेतला पत्ता असावा असे मला मनापासून वाटते. ते घेताना दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. संगणकाच्या दृष्टीने ऱ्हस्व आणि दीर्घ ही वेगळी अक्षरे आहेत, तेव्हा नावात ज्या ठिकाणी लोक हमखास चुकतात ते रूपही घेऊन मूळ संकेतस्थळाकडे वळवावे. पूर्णपणे देवनागरी ईमेल पत्त्यासाठी पाठवणारा आणि घेणारा असे दोन्ही सर्व्हर तयार असावे लागतात. जीमेल अशा पत्त्यांशी व्यवहार करते, परंतु अनेक अर्जांचे रकाने असे पत्ते स्वीकारत नाहीत. टपालासाठी एक रोमन डोमेन सोबत असू द्यावे.

प्रश्न : महाविद्यालयाच्या डोमेनवर कितीतरी जुन्या नोंदी साचल्या आहेत. निम्म्या कशासाठी आहेत हे कोणालाच सांगता येत नाही. सगळ्या काढून टाकल्या तर?
— संगणक विभागप्रमुख, ठाणे

उत्तर : साफसफाईचा विचार उत्तम आहे, कारण अशा नोंदी निरुपद्रवी नसतात. एखाद्या जुन्या महोत्सवासाठी उपडोमेन करून सीनेमने ते बाहेरच्या सेवेकडे वळवले असेल आणि पुढे त्या सेवेवरील खाते बंद झाले असेल, तर काही सेवांवर तेच नाव दुसरा कोणी स्वतःच्या खात्यात घेऊ शकतो. त्यानंतर महाविद्यालयाच्या पत्त्यावर त्याची पाने दिसू लागतात आणि विद्यार्थी त्यांवर विश्वासाने माहिती भरतात. म्हणून बाहेर वळवलेल्या सीनेम नोंदी सर्वांत आधी तपासाव्यात आणि ज्यांच्या टोकाला काहीच उरलेले नाही त्या लगेच काढाव्यात.

बाकीच्यांना घाई नको. आधी सर्व नोंदींची प्रत झोन फाइलच्या, म्हणजे सर्व नोंदी एकत्र असलेल्या फाइलच्या, रूपात उतरवून घ्यावी. टीएक्सटी नोंदींतील काही मालकीच्या पडताळणीच्या असतात आणि त्या काढल्यास एखादी सेवा काही काळाने पडताळणी रद्द करते. ‘डोमेनकी’ असे नावात असलेल्या नोंदी डीकेआयएमच्या किल्ल्या असतात. निरर्थक अक्षरांची ओळ म्हणून त्या पुसू नयेत. सीएए नोंद असेल तर ती राहू द्यावी, कारण तुमच्या डोमेनसाठी संकेतस्थळाच्या सुरक्षेचे प्रमाणपत्र कोण देऊ शकतो हे ती ठरवते. संशयास्पद नोंदीचा टीटीएल ३०० वर आणून जुनी मुदत उलटू द्यावी, मग एका वेळी एकच नोंद काढावी आणि काढल्याची तारीख व मूळ मूल्य लिहून ठेवावे. परीक्षेचे अर्ज किंवा प्रवेशप्रक्रिया चालू असताना हे काम हाती घेऊ नये. तक्रार आली तर लिहून ठेवलेली ओळ परत भरणे काही मिनिटांचे काम असते. मात्र मधल्या काळात ज्यांना ‘असे नाव नाही’ हे उत्तर मिळाले असेल, त्यांच्यापर्यंत ती एसओएतील मुदत संपल्यावरच पोहोचेल.